सहीच्या आधीचं बोलणं

संमतीपत्र पेशंटच्या हातात बहुतेक वेळा नको त्या क्षणी येतं. अंगावरचे दागिने उतरवलेले असतात, चष्मा घरच्यांकडे गेलेला असतो, मागून नाडी बांधायचा गाऊन अंगात असतो आणि स्ट्रेचर न्यायला आलेला माणूस दाराशी उभा असतो. तेवढ्यात चार पानं पुढे येतात. "इथे, इथे आणि मागच्या पानावर." पेशंट सही करतो, कारण त्या घडीला दुसरं काही करायला वावच नसतो. फायलीत ही सही संमती म्हणून लागते. त्या माणसाने खरोखर संमती दिली होती का, हे मात्र तो कागद सांगू शकत नाही.

संमती हे एक बोलणं आहे आणि कागद ही त्या बोलण्याची नोंद. बोलणंच झालं नसेल तर नोंद कशाची? हॉस्पिटलच्या भिंतीवर पेशंटचे हक्क आणि पेशंटच्या जबाबदाऱ्या असे दोन तक्ते शेजारीशेजारी लावलेले असतात, जमा आणि खर्च मांडावा तसे. मला ते दोन तक्ते वेगळे वाटत नाहीत. त्यातल्या बहुतेक ओळी एकाच गोष्टीबद्दल आहेत: डॉक्टरकडची माहिती पेशंटपर्यंत पोचते का आणि पेशंटकडची माहिती डॉक्टरपर्यंत पोचते का. एका दिशेची वाट अडली की हक्क मोडतो, दुसऱ्या दिशेची अडली की जबाबदारी. आणि एक वाट बंद राहिली की दुसरीवरही हळूहळू गवत वाढतं.

पहिल्या दिशेची वाट मोकळी व्हायला फार वर्षं लागली. न्यूयॉर्कमध्ये मेरी श्लोएनडॉर्फ यांचं म्हणणं असं होतं, की भूल देऊन तपासणी करायला आपण हो म्हटलं होतं, ऑपरेशनला मात्र स्पष्ट नाही म्हटलं होतं. तरी भुलीत असतानाच गाठ काढून टाकली गेली. १९१४ सालच्या निकालात न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी लिहिलं, की सज्ञान आणि शुद्धीवरच्या प्रत्येक माणसाला आपल्या शरीराचं काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क आहे. खटला श्लोएनडॉर्फबाई हरल्या, कारण धर्मादाय हॉस्पिटलवर अशी जबाबदारी टाकता येत नाही असं तेव्हा मानलं जाई. ते वाक्य मात्र टिकलं. १९४७ मध्ये न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांवर चाललेल्या खटल्याच्या न्यायाधीशांनी माणसांवरच्या प्रयोगांसाठी दहा कलमं घालून दिली, त्यातलं पहिलंच स्वेच्छेच्या संमतीचं होतं. तरीही अमेरिकेत टस्कीगी इथे सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन हा रुजलेला उपचार झाल्यावरही, ते न देता नुसतं पाहत राहण्याचं काम १९७२ पर्यंत चाललं. आपण कशात सामील आहोत हे त्यांना सांगितलंच नव्हतं. नियम लिहून ठेवल्याने बोलणं आपोआप होत नाही, हे इतक्या भयंकर रीतीने दुसरीकडे क्वचितच दिसलं असेल.

किती सांगायचं, हा प्रश्न त्यानंतरही उरलाच. बराच काळ त्याचं उत्तर डॉक्टरांच्या बाजूने दिलं जाई: इतर जाणते डॉक्टर जेवढं सांगतील तेवढं सांगितलं की पुरे. ब्रिटनमध्ये हे माप २०१५ साली बदललं. नदीन मॉन्टगोमेरी यांना मधुमेह होता, अंगकाठी लहान होती आणि बाळ मोठं होतं. मधुमेही आईच्या बाळंतपणात बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता ९ ते १० टक्के असते. डॉक्टरांनी ते सांगितलं नाही. बाळाला गंभीर इजा होण्याची शक्यता त्यामानाने फार कमी आहे, आणि सांगितलं तर सगळ्याच बाया सिझेरियन मागतील, असा त्यांचा विचार होता. खांदा अडकला आणि बाळाला कायमचं अपंगत्व आलं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की धोका सांगण्याजोगा आहे की नाही हे पेशंटच्या जागी असलेल्या समंजस माणसाला काय महत्त्वाचं वाटेल त्यावरून ठरवा, आणि समोरच्या या पेशंटला काय महत्त्वाचं वाटेल हे डॉक्टरला माहीत असायला हवं त्यावरूनही ठरवा.

या निकालाचा दुसरा अर्धा भाग मला फार मोलाचा वाटतो. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये आवाजाची नस ग्रंथीला अगदी लगटून जाते. ती दुखावली तर आवाज बसतो, आणि थोड्या जणांचा कायमचा बसतो. हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्याला हा धोका पत्करण्याजोगा वाटेल, गाणाऱ्याला वाटणार नाही, दिवसभर वर्गात बोलणाऱ्याला कदाचित वाटणार नाही. पण पेशंटने आपण गातो हे सांगितलंच नाही तर डॉक्टरला कळणार कसं? हक्क आणि जबाबदारी इथे एकाच वाक्यात येऊन बसतात. आपण पोटासाठी काय करतो, कोणत्या हाताने करतो, घरी कुणाला उचलावं लागतं, कशाची सर्वांत जास्त भीती वाटते, हे तपासणीच्या टेबलावर सांगायलाच हवं.

विचारायचे प्रश्न चार आहेत. फायदा काय, धोका कोणता आणि किती, दुसरा मार्ग कोणता, आणि काहीच केलं नाही तर काय होईल. चौथा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, आणि कधीकधी सगळ्यात मोठं उत्तर त्यालाच असतं. काहीही त्रास न देणारे, दुसऱ्याच तपासणीत सापडलेले पित्ताशयातले खडे बहुतेकदा तसेच राहू देतात. प्रोस्टेटपुरत्याच मर्यादित कॅन्सरच्या १,६४३ पुरुषांचा ब्रिटनमध्ये अभ्यास झाला: काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन, काहींवर नुसती नियमित देखरेख. पंधरा वर्षांनी त्या कॅन्सरने दगावलेल्यांचं प्रमाण तिन्ही गटांत २ ते ३ टक्क्यांच्या आसपासच होतं. देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण जास्त होतं आणि त्यातल्या अनेकांनी पुढे उपचार घेतलेच. ऑपरेशनच्या गटात लघवी न थांबण्याचा त्रास जास्त होता. यातलं काय पत्करायचं याचं उत्तर वैद्यकशास्त्राकडे नाही. ते त्या माणसाकडे आहे.

"किती" विचारताना आकडा कोणत्या रूपात मिळतो याकडे नीट पाहावं. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये इशारा आला, की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट हा शब्द खरा होता. साधारण ७,००० बायकांत जिथे एकीला गुठळी होत होती तिथे दोघींना होणार होती. पण बायकांपर्यंत पोचला तो नुसता "दुप्पट". घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपातांची संख्या अंदाजे १३,००० ने वाढली. गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा जास्तच असतो. म्हणून "धोका निम्मा होतो" किंवा "दुप्पट होतो" असं ऐकलं की लगेच विचारावं: माझ्यासारख्या हजार जणांत औषध न घेता किती, आणि घेऊन किती? दोन्ही आकडे एकाच मापात हवेत.

इतकं सगळं विचारूनही त्यातलं बरंचसं विसरलं जातं. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती पेशंट ताबडतोब विसरतात, आणि जे आठवतं त्यातलं जवळपास निम्मं चुकीचं आठवतं, असं या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेताना दिसून आलं आहे. हा बुद्धीचा दोष नाही. "कॅन्सर" किंवा "बायपास" हा शब्द कानावर पडला की पुढची दहा मिनिटं डोकं त्या शब्दापाशीच थांबलेलं असतं. यावर एक साधा उपाय आहे: उठण्याआधी "मला जे समजलं ते मी सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा" असं म्हणून आपल्या शब्दांत परत सांगणं. चूक लगेच उघडी पडते. चांगले डॉक्टर हे स्वतःहून विचारतात. विचारलं नाही तर पेशंटने सुरू करावं. बरोबर एक माणूस असावा, त्याच्या हातात वही असावी आणि त्याने स्वतःचे प्रश्न शेवटी विचारावेत.

वेळ नसतो, ही तक्रार दोन्ही बाजूंची. १९८४ च्या एका अमेरिकन अभ्यासात पेशंटने बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलत होते. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी मध्ये न बोलण्याचं ठरवलं, तर पेशंट सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. दीड मिनिटात माणसाचं सांगून होतं. पेशंटनेही ते दीड मिनिट राखून ठेवावं: सगळ्यांत काळजीचा त्रास पहिल्यांदा, कधीपासून, कशाने वाढतो, आधी कोणतं औषध घेतलं. खरी भीती दाराच्या कडीला हात लावल्यावर बाहेर येते, "आणि हो, डॉक्टर, संडासातून थोडं रक्त जातं", आणि तोवर पुढचं नाव पुकारलेलं असतं.

आता दुसऱ्या दिशेची वाट. पेशंटची जबाबदारी म्हटलं की वेळेवर या, बिल भरा, गोंधळ करू नका एवढंच आठवतं. कर्मचाऱ्यांच्या अंगावर हात टाकू नये हे तर सांगावंच लागू नये. पण पेशंटची सर्वांत जड जबाबदारी खरं सांगण्याची आहे, आणि ती जिथे मोडते तिथे बहुतेकदा कारण लाज असते.

रोज दारू घेणारा माणूस भरती होताना "कधीतरी, थोडी" म्हणतो. ऑपरेशन नीट होतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो. दोन दिवसांच्या आत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान माणूस भ्रमात जातो, सलाईन उपसतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडतो. वॉर्डात तोवर जंतुसंसर्ग झाला का, मेंदूत काही झालं का, याचा शोध चाललेला असतो. खरा आकडा आधी कळला असता तर योग्य गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व पहिल्या दिवसापासून सुरू झालं असतं. हा भ्रम जीवघेणा असतो आणि तो बऱ्याच अंशी टाळता येतो.

दुसरं उदाहरण याहून नाजूक. छातीत दुखतं म्हणून आलेल्या पुरुषाला नायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवतात. त्याने आदल्या रात्री सिल्डेनाफिल, म्हणजे लैंगिक दुर्बलतेवरचं औषध, घेतलेलं असेल तर रक्तदाब धाडकन खाली येतो. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि त्याच जातीच्या टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत. बायको-मुलं शेजारी उभी असताना हे कोण सांगेल? अशा वेळी "यांना जरा बाहेर थांबायला सांगा" एवढं म्हणण्याचा पेशंटला पूर्ण हक्क आहे. वैद्यकीय गोपनीयता याचसाठी असते. ती केवळ सभ्यपणाची बाब नाही. गुपित फुटणार नाही याची खात्री असल्याशिवाय माणूस खरं बोलत नाही, आणि खरं कळल्याशिवाय डॉक्टरला सुरक्षितपणे उपचार करता येत नाहीत. आणि ज्या डॉक्टरने एकदा पेशंटला चारचौघांत झापलं, त्याला पुढच्या वेळी खोटंच ऐकायला मिळतं. त्या खोट्यात झापणाऱ्याचाही वाटा आहे.

"औषधं कोणती चालू आहेत?" या प्रश्नाचं उत्तर देताना झाडपाल्याची, दुकानातून आपल्या मनाने आणलेली आणि जाहिरात पाहून मागवलेली औषधं लोक मोजतच नाहीत. २००० साली झुरिकच्या डॉक्टरांनी हृदयरोपण झालेल्या दोन पेशंटांची हकिकत नोंदवली. दोघांनी उदासपणासाठी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेतली होती. तिच्यामुळे यकृत औषधं लवकर निकामी करतं. नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून देतात त्या सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी घसरली आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. म्हणून नावं आठवत बसण्यापेक्षा घरातली सगळी पाकिटं, बाटल्या, मलमं, थेंब एका पिशवीत भरून न्यावीत. सर्दीच्या गोळीत आणि अंगदुखीच्या गोळीत दोन्हीकडे पॅरासिटामॉल आहे, आणि मिळून दिवसाचा ४ ग्रॅमचा आकडा ओलांडला जातो आहे, हे पिशवी उपडी केल्यावरच दिसतं.

ऑपरेशनआधी उपाशी राहायला सांगतात त्याचं कारण सांगितलं जात नाही, म्हणून ते पाळलंही जात नाही. भुलीत घशाची राखण बंद होते. पोटातलं अन्न आणि आम्ल वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. एरवी निरोगी असलेल्या प्रौढ माणसासाठी नेहमीचा नियम असा: हलकं खाणं ६ तास आधी बंद, तळकट-जड खाणं त्याहून आधी, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दूध पाण्यात नाही, खाण्यात मोजतात. दुधाचा चहा म्हणजे खाणंच. चुकून घोटभर घेतला तर सांगून टाकावं, फार तर ऑपरेशन काही तास पुढे जाईल. उलट, दुपारच्या ऑपरेशनसाठी आदल्या रात्रीपासून पाणीही तोडलं असेल तर "पाणी कधीपर्यंत चालेल?" असं भूलतज्ज्ञांना जरूर विचारावं. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या ठरलेल्या ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर साखर जवळपास ठीक दिसत असतानाही रक्तात घातक आम्लता वाढू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं प्रत्येकीचं गणित वेगळं. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत आणि आपल्या मनाने चालूही ठेवू नयेत.

ऑपरेशन थिएटरच्या दारात चार जण चार वेळा नाव विचारतात तेव्हा वैतागू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये दिलेली १९ मुद्द्यांची तपासयादी भूल देण्याआधी पेशंटकडूनच ओळख, जागा, ऑपरेशन आणि संमती पक्की करून घेण्यापासून सुरू होते. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं. धोका असतो मान डोलावण्यात. कुणी "तुम्ही अमुकच ना?" विचारलं आणि नीट ऐकू न येताच, संकोचाने, पेशंटने हो म्हटलं, तर सगळी साखळी त्या एका "हो"वर लटकते. पूर्ण नाव आपल्या तोंडाने सांगावं, डावा की उजवा ते सांगावं, आणि पेनाची खूण योग्य बाजूला झाली आहे का हे गुंगीचं औषध मिळण्याआधी स्वतः पाहावं.

घरी गेल्यावरची गोष्ट आणखी अवघड. श्रीमंत देशांतही दीर्घ आजाराची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणारे निम्मेच असतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये म्हटलं होतं. गोळी सोडण्याला कारणं असतात: चक्कर येते, परवडत नाही, बरं वाटतंय मग कशाला. गोळी सोडण्यापेक्षा घात करतं ते सोडल्याचं लपवणं. रक्तदाबाची गोळी बंद केलेला माणूस तपासायला येतो, दाब चढलेला दिसतो, डॉक्टर दुसरी गोळी वाढवतात, पुढच्या खेपेला तिसरी. मग कधी न्यूमोनियासाठी तो भरती होतो, आणि सिस्टर कागदावर लिहिलेल्या तिन्ही गोळ्या वेळच्या वेळी देतात. दोन दिवसांत दाब पडतो, माणूस बाथरूममध्ये कोसळतो. "मी ती घेत नाही, चक्कर येते" हे एक वाक्य त्याने सहा महिन्यांपूर्वी बोलायला हवं होतं. क्षयरोगात तर ही बाब आपल्यापुरती राहतच नाही. नेहमीच्या क्षयाचा रुळलेला उपचार सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने दोन किंवा तीन. खोकला काही आठवड्यांत कमी होतो, आणि तिथे सोडलं तर उरलेल्यांतले दणकट जंतू शेजारच्या माणसाच्या फुप्फुसात जाऊन बसतात.

नकार देण्याचा हक्क मात्र अबाधित आहे. त्याला एकच अट असावी: नकार काय सोडतो आहोत हे कळून दिलेला असावा. १९८० साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भाशयमुखाची तपासणी वारंवार टाळलेल्या आणि पुढे कॅन्सरने गेलेल्या एका तरुण बाईच्या खटल्यात सांगितलं, की तपासणी नाकारण्याचे परिणाम समजावून देणं हेही डॉक्टरचं काम आहे. पेशंट निर्णय घ्यायला समर्थ आहे का, हे निर्णय डॉक्टरला पटतो की नाही यावर ठरत नाही. त्याला माहिती समजते का, ती आपल्यालाच लागू आहे हे कळतं का, तो तिची तुलना करू शकतो का, आणि निवड सांगू शकतो का, एवढंच पाहायचं. सल्ल्याविरुद्ध घरी जाणाऱ्यालाही औषधांची चिठ्ठी आणि पुन्हा येण्याची वाट मिळायला हवी. रागाने दार लावून घेतलं तर तो परत येईल तेव्हा फार उशीर झालेला असेल.

आणि नातेवाईक? "त्यांना सांगू नका हं, धसका घेतील," असं कुजबुजणारी माणसं प्रेमानेच बोलतात. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या ९० टक्के डॉक्टरांचाही कल कॅन्सर झाल्याचं पेशंटला न सांगण्याकडेच होता. १९७९ मध्ये तसाच प्रश्न विचारला तेव्हा ९७ टक्के सांगण्याच्या बाजूने होते. न कळण्याचाही हक्क आहे, हे खरं. जागतिक वैद्यकीय संघाच्या, पेशंटच्या हक्कांवरच्या १९८१ च्या लिस्बन जाहीरनाम्याच्या आजच्या मसुद्यात तो लिहिलेला आहे. पण तो पेशंटने स्वतः स्पष्ट मागितला तर. इतर कुणी त्याच्या वतीने मागायचा नाही. तपासण्या सुरू होण्याआधीच विचारता येतं: "रिपोर्ट आले की तुम्हाला सगळं सांगू, की दुसऱ्या कुणाशी बोलू?" हा प्रश्न आधी विचारला तर नंतरची बरीच कुजबुज टळते.

दुसरं मत घेण्यात कुणाचा अपमान नाही. फक्त तयारीने जावं: स्कॅनच्या फिल्मऐवजी त्याची सीडी, आणि गाठीच्या निदानाबद्दल शंका असेल तर नुसता छापील रिपोर्ट न नेता काचेच्या स्लाइड आणि गाठीचा तुकडा मेणात बसवलेला ब्लॉक. दुसरा पॅथॉलॉजिस्ट कागद वाचून मत देऊ शकत नाही, त्याला पेशीच पाहाव्या लागतात.

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांनाच घाई असते. तरी कार्ड हातात आल्यावर निघण्याआधी तिथेच बसून वाचावं: निदान काय लिहिलंय, काय केलं, कोणतं औषध नवं, कोणतं बदललं, कोणतं बंद, काय झालं तर रात्रीसुद्धा यायचं आणि फोन कुठे करायचा. चुकलेलं वय, चुकलेली बाजू, गाळलेली अॅलर्जी तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावी. पुढचा डॉक्टर तोच कागद खरा धरून चालणार आहे. मग एक शेवटचा प्रश्न. अमेरिकेतल्या दोन हॉस्पिटलांच्या अभ्यासात घरी गेलेल्या १०० पैकी ४१ जणांचा कुठला ना कुठला रिपोर्ट डिस्चार्जनंतर आला होता, आणि त्यातल्या बऱ्याच रिपोर्टांची डॉक्टरांना खबरच नव्हती. तेव्हा विचारायचं: माझा कोणता रिपोर्ट यायचा बाकी आहे, तो कधी येईल, आणि आल्यावर कोण पाहणार आहे? उत्तरात एक तारीख आणि एक नाव मिळेल. ते दोन्ही कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात, समोरच, लिहून घ्यावं.